चाकाला कुलूप, कुलपाला आवाज

बैलाच्या गळ्यात घंटा का बांधतात, असे घरातल्या लहान मुलाला विचारले तर ते म्हणेल, शोभेसाठी. तोच प्रश्न एखाद्या जुन्या माणसाला विचारून पाहा. तो सांगेल, रात्री वस्तीवर बाजेवर पडल्या पडल्या त्या घंटेकडे कान असायचा. बैल रवंथ करतोय, उठून उभा राहिलाय, की कोणी दावे सोडून त्याला चालवत नेतोय, हे डोळे न उघडता कळायचे. संथ वाजणारी घंटा निराळ्या ठेक्यात वाजू लागली, की म्हातारा बाजेवरून उठलाच म्हणून समजा.

आज पुष्कळ घरांच्या दावणीला बैल उरले नाहीत. त्यांच्या जागी पडवीत मोटारसायकल उभी असते. पहाटे डेअरीला दुधाच्या किटल्या तीच नेते. खताची गोणी, फवारणीचा पंप, पंचायत समितीतले काम, पोरीची परीक्षा, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळे तिच्याच पाठीवर. घरातल्या कमावत्या जनावराइतकीच तिची किंमत आहे. पण बैलाला होती ती घंटा तिला नाही. गाडी मुकी आहे. हँडल मोडून कोणी ढकलत नेली तरी ती हंबरत नाही.

ही उणीव भरून काढणारे एक कुलूप बाजारात मिळते. त्याला अलार्मचे डिस्क लॉक म्हणतात. चाकाला अडवायचे आणि कोणी हात लावला तर ओरडायचे, अशी दोन कामे ते करते. काही शेकड्यांपासून काही हजार रुपयांपर्यंत त्याच्या किमती आहेत. मात्र दुकानदाराने दाखवले आणि आपण घेतले, असे करण्याजोगी ही वस्तू नाही. ते कोणत्या गाडीला चालते, कोठे उपयोगी पडते आणि कोठे त्याच्या भरवशावर राहू नये, हे आधी समजून घेऊ या.

सगळ्यांच्या देखत गेलेली गाडी

आमच्या तालुक्याच्या बाजारातली गोष्ट आहे. एका शेतकऱ्याने सकाळी गाडी चहाच्या टपरीशेजारी लावली, हँडल लॉक केले आणि तो मिरचीच्या पट्टीसाठी अडतीवर गेला. तासाभराने परत आला तर जागा मोकळी. त्याने टपरीवाल्या म्हाताऱ्याला विचारले,

"आप्पा, हितं माझी गाडी होती. कुणी नेताना बघितली का?"

"नेली की मघाशी एकानं. ढकलत चालला होता. मला वाटलं तुझाच मेव्हणा असंल, पेट्रोल संपलं असंल."

"आन् तुम्ही काहीच बोलला न्हाय?"

"आरं बाबा, गुमान चालला होता. चोर असा चालतो व्हय?"

यात आप्पांची चूक काढण्यासारखे काही नाही. बाजारात ढकलत चाललेली मोटारसायकल रोजच दिसते. त्या दिवशी ती गाडी ओरडली असती, तर टपरीवरच्या आठ-दहा माणसांच्या माना तिकडे वळल्या असत्या आणि ढकलणाऱ्याला गाडी टाकून गर्दीत मिसळावे लागले असते. चोराला सर्वांत जास्त नको असते ते लोकांचे लक्ष. कुलूप तुटेल याची त्याला फारशी काळजी नसते, कोणी बघेल याची असते.

गाडीबरोबरच्या हँडल लॉकवर आपण फार विसंबतो. ते म्हणजे हँडलच्या मानेत शिरणारा एक लहानसा खिळा. दणकट माणसाच्या झटक्यापुढे तो टिकेलच असे नाही. गाडी जुनी झाली की किल्लीचे दातही झिजतात आणि मग भलतीच किल्लीसुद्धा तिला लागू शकते. आणि बांधावर गाडी उभी करून किल्ली तिलाच ठेवून मोटार चालू करायला विहिरीकडे जाणारे तर आपल्यात किती तरी आहेत. त्यांच्यासाठी कोणतेच कुलूप बनलेले नाही. पहिली सवय किल्ली काढून खिशात टाकण्याची. बाकीचे सगळे त्याच्या पुढचे.

हे कुलूप काम कसे करते

डिस्क ब्रेकच्या गाडीला चाकाच्या मधोमध एक लोखंडी चकती असते. तिला भोके असतात. ब्रेक दाबला की कॅलिपर नावाचा चिमटा ही चकती दोन्ही बाजूंनी धरतो आणि चाक थांबते. डिस्क लॉक हे मुठीएवढे कुलूप. त्याला एक खाच असते. ती खाच चकतीवर बसवायची, कुलपाची पिन चकतीच्या भोकातून आरपार घालायची आणि दाबायची. पिन बसली की कुलूप लागले. आता चाक थोडेसे फिरते, कुलूप जाऊन कॅलिपरला किंवा पुढच्या शॉकअपला अडते आणि गाडी जागच्या जागी थांबते.

अलार्मच्या कुलपात याखेरीज एक लहान भोंगा, काही बटन सेल आणि हालचाल ओळखणारा एक भाग असतो. कुलूप लागताच ते एकदा 'टिक' करून सांगते की मी जागा झालो. नंतर गाडीला धक्का बसला तर पुष्कळ कुलपे आधी बारीक आवाजात इशारा देतात. हालचाल चालूच राहिली तर मात्र कानठळ्या बसवणारा आवाज काढतात. हा आवाज बहुधा काही सेकंद वाजून थांबतो. पुन्हा धक्का बसला की पुन्हा सुरू होतो.

सेल संपले तरी कुलूप कुलूपच राहते. आवाज गेला तरी अडवण्याचे काम चालू असते आणि किल्लीने ते नेहमीसारखे उघडते. त्यामुळे सेल संपल्याने गाडी अडकून पडेल, ही भीती धरू नये.

घेण्याआधी आपल्या गाडीचे चाक बघा

डिस्क लॉक फक्त डिस्क ब्रेकच्या चाकाला बसते. खेड्यापाड्यांत चालणाऱ्या शंभर सी.सी.च्या कितीतरी गाड्यांना दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतात. तेथे चकतीच नाही, म्हणजे हे कुलूप कोठे लावणार? पुढच्या चाकाजवळ खाली बसून पाहा. भोके पाडलेली चमकदार चकती दिसली तर डिस्क, बंद डबा दिसला तर ड्रम.

ड्रम ब्रेकच्या गाडीलाही घंटा बांधता येते. याच जातीचे अलार्मचे साधे कुलूप, म्हणजे कडीचे कुलूप मिळते. जाड साखळी चाकातून आणि गाडीच्या सांगाड्यातून घ्यायची आणि तिला हे कुलूप लावायचे. गोठ्याच्या दाराला किंवा मोटारीच्या खोलीलाही तेच चालते. तेव्हा ड्रम ब्रेकवाल्यांनी डिस्क लॉकवर पैसे घालू नयेत, साखळी आणि कडीचे अलार्म कुलूप घ्यावे.

डिस्क असेल तर दुसरी गोष्ट पिनेची जाडी. कुलपांच्या पिना साडेपाच, सहा, सात, दहा मिलीमीटर अशा निरनिराळ्या जाडीच्या असतात. जाड पिन जास्त मजबूत, पण ती आपल्या चकतीच्या भोकातून गेली पाहिजे. ऐकीव माहितीवर जाऊ नका. गाडी दुकानापुढे न्या, कुलूप चकतीवर बसवून पाहा, लावून आणि उघडून पाहा, मगच पैसे द्या. घरपोच मागवणार असाल तर आधी भोक मोजा. ओळखीच्या मेकॅनिककडे ड्रिलचे बिट असतात. सहाचे बिट भोकात सहज गेले तर सहाची पिन जाईल.

तिसरी गोष्ट नव्या गाड्यांची. १२५ सी.सी.पेक्षा मोठ्या नव्या मोटारसायकलींना २०१८ आणि २०१९ सालांपासून टप्प्याटप्प्याने ए.बी.एस. बंधनकारक झाले. त्या गाड्यांना ब्रेकच्या चकतीजवळ आणखी एक पातळ, दातेरी किंवा खाचांची कडी असते. चाकाचा वेग मोजण्यासाठी ती आहे. कुलपाची पिन चुकूनही त्या कडीत घालू नका. ती वाकली तर ब्रेकची यंत्रणा बिघडेल. पिन जाडजूड ब्रेकच्या चकतीतच गेली पाहिजे.

लावण्याची रीत

कुलूप शक्यतो कॅलिपरच्या जवळच्या भोकात लावावे. लांबच्या भोकात लावले तर चाकाला फिरायला जागा राहते आणि झटका देऊन कुलपावर आपटता येते. जवळ लावले तर चाक जेमतेम हलते. दुसरे म्हणजे कुलूप जमिनीलगत येऊ देऊ नका. खाली दगड किंवा फरशी मिळाली की त्यावर टेकवून हातोडा मारणे सोपे जाते. चाक थोडे पुढे-मागे करून कुलूप वरच्या बाजूला राहील असे लावा.

काही कुलपांत पिन एका दिशेने बसवली तर आवाजासह आणि दुसऱ्या दिशेने बसवली तर आवाजाविना कुलूप लागते. अशा कुलपाची सवय होईपर्यंत रोज लावल्यावर गाडीला हलका धक्का देऊन पाहावे. 'टिक' ऐकू आले म्हणजे घंटा बांधली गेली. ऐकू आले नाही तर पुन्हा लावा.

कुलपाच्या किल्ल्या दोन-तीन मिळतात. एक गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात ठेवा, एक घरात ठरलेल्या जागी. सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवून ते जुडगे बाजारात हरवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. किल्लीवर क्रमांक असेल तर तो वहीत टिपून ठेवा.

विसरलात तर पडाल

या कुलपाचा सर्वांत मोठा धोका चोराकडून नाही, मालकाकडून आहे. सकाळी डेअरीची वेळ गाठायची घाई असते. माणूस गाडीला किक मारतो, गिअर टाकतो आणि कुलूप तसेच चाकाला. चाक अर्धा हात फिरते, कुलूप कॅलिपरवर आदळते आणि गाडी दुधासह आडवी. चकती वाकते, कॅलिपरला मार बसतो आणि माणसाचे हातपाय मोडतात ते वेगळेच. अलार्म असलेल्या कुलपाचा येथे एक फायदा आहे. गाडी स्टँडवरून काढताना ते इशारा देते. पण टोपडे बांधलेल्या, हेल्मेट घातलेल्या, घाईतल्या माणसाला तो ऐकू येईलच असे नाही.

म्हणून कुलपाबरोबर एक पिवळी किंवा नारिंगी, पिळाची तार येते. तिचे एक टोक कुलपाला आणि दुसरे हँडलला अडकवायचे. हाताशी तार ताणलेली दिसली की माणसाला आठवण होते. तार नसेल तर एक लाल चिंधी घ्या. कुलूप लावले की ती ॲक्सिलरेटरच्या मुठीला बांधा, कुलूप काढले की चिंधी काढा. फुकटचा उपाय आहे, पण हाडे वाचवतो.

घरात एक गाडी आणि चालवणारे तिघे असतील तर ही खूण तिघांनाही माहीत हवी. बापाने रात्री कुलूप लावले आणि पहाटे मुलगी परीक्षेला गाडी घेऊन निघाली, तिला काही सांगितलेच नाही, असे होता कामा नये. नवे कुलूप आणले त्या दिवशीच अंगणात घरच्या सगळ्यांना लावून आणि काढून दाखवा. आवाज कसा येतो तेही ऐकवा. रात्री तो आवाज आला तर ओळखू आला पाहिजे.

आवाज किती लांब जातो

कुलपाच्या खोक्यावर ११० किंवा १२० डेसिबल असा आकडा छापलेला असतो. या आकड्याने भारून जाऊ नका. हिशेब असा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ११० असलेला आवाज दहा मीटरवर ९० च्या आसपास येतो आणि शंभर मीटरवर ७० च्या आसपास. समोरासमोर बसलेली माणसे नेहमीच्या आवाजात बोलतात तो साधारण ६० डेसिबल धरतात. मध्ये भिंत, दार, उसाचा फड किंवा उलटा वारा आला की आवाज आणखी घटतो.

याचा अर्थ सरळ आहे. गाडी पडवीत किंवा अंगणात, झोपण्याच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर असेल, तर हे कुलूप घर जागे करील. बाजारात माणसांच्या वर्दळीत असेल, तर आजूबाजूचे वळून पाहतील. पण गाडी दोन शेते पलीकडे मोटारीच्या खोलीशी आहे आणि तुम्ही घरात पंखा लावून झोपला आहात, तर तो आवाज रानातल्या कोल्ह्यांनाच ऐकू येणार. तसेच यात्रेत किंवा लग्नाच्या वरातीत बँड आणि डी.जे.पुढे त्याचे काही चालत नाही. ज्या ठिकाणी ऐकणारे कोणी नाही, तेथे अलार्मचे कुलूप हे साधे कुलूप झाले असे समजावे आणि तेथे दुसरी सोय करावी.

पायबंद वेगळा, दावे वेगळे

ती दुसरी सोय कोणती, हे गुरे राखणाऱ्याला सांगावे लागत नाही. पायबंद घातलेले जनावर पळत नाही, पण उचलून टेम्पोत घातले तर जाते. डिस्क लॉक हा पायबंद आहे. ते चाक फिरू देत नाही. मात्र ते गाडीला जमिनीशी बांधत नाही. नेहमीची मोटारसायकल शंभर-सव्वाशे किलोच्या आसपास भरते. दोघे-तिघे धडधाकट असले की ती उचलून टेम्पोत ठेवतात. म्हणून रात्रीसाठी दावेही हवे.

पडवीच्या खांबाला किंवा गोठ्याच्या भिंतीत एक जाड लोखंडी कडी सिमेंटमध्ये पक्की बसवून घ्या. दावणीच्या खुंट्याएवढेच ते काम आहे. जाड कडक लोखंडाची साखळी गाडीच्या सांगाड्यातून किंवा चाकातून घेऊन त्या कडीला कुलपाने अडकवा. सायकलीची बारीक साखळी या कामाची नाही. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका, ताणून वर ठेवा. म्हणजे कटरला आणि छिन्नीला टेकू मिळत नाही. पुढचे चाक भिंतीकडे करून गाडी लावा. घरात दोन गाड्या असतील तर त्या एकमेकींना जोडा. वर एक दिवा असला तर आणखी चांगले.

पायबंद, घंटा आणि दावे, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की चोराचा वेळ जातो आणि आवाज होतो. कोणतेच कुलूप चोराला कायमचे थोपवत नाही. ते त्याला उशीर करते. त्या उशिरात कोणी तरी जागे झाले पाहिजे, एवढीच सारी युक्ती आहे.

सेल, चिखल आणि तेल

नवे कुलूप आणले की सेलजवळची प्लॅस्टिकची पट्टी काढायची असते. ती तशीच ठेवून "कुलूप मुके निघाले" म्हणणारे काही असतात. पुष्कळ कुलपांत घड्याळात वापरतात तसले बटन सेल असतात. आवाज बसका येऊ लागला की सगळे सेल एकदम बदलावेत, एक जुना एक नवा असे करू नये. पोळा आणि पाडवा असे दोन दिवस सेल तपासण्यासाठी ठरवून टाका, म्हणजे लक्षात राहते.

पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल चकतीवर आणि कुलपाच्या भोकात बसतो. कुलूप लावण्याआधी चिखल पुसून घ्या. कुलूप पाण्याच्या पाइपाखाली धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. किल्लीच्या भोकात शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब चालतो, पण कुलूप चकतीवरून काढून, हातात घेऊनच तो सोडा. ब्रेकच्या चकतीवर तेल लागले तर ब्रेक लागत नाही. कुलूप जपण्याच्या नादात जीव धोक्यात घालू नका.

मांजर सीटवर बसले, कोंबडी उडाली, शेजारून ट्रॅक्टर गेला, तरी कधी कधी हे कुलूप ओरडते. दोन-चार रात्री असे झाले की घरचे वैतागतात आणि पांघरूण डोक्यावर घेतात. मग खरा चोर आला तरी कोणी उठत नाही. गाडी सपाट जागेवर मुख्य स्टँडला लावा, वर कापड टाका, जनावरांच्या वाटेवर ठेवू नका. आवाज आला की एकदा तरी उठून पाहायचे, हा नेम मात्र मोडू नका.

कुलूप ओरडले, आता काय?

उठून पाहायचे म्हणजे अंधारात एकट्याने काठी घेऊन धावायचे नव्हे. चोर किती आहेत आणि त्यांच्या हातात काय आहे, हे आपल्याला माहीत नसते. आधी आतूनच दिवे लावा. मोठ्याने आवाज द्या. शेजाऱ्यांना फोन करा. पोलिसांसाठी ११२ क्रमांक लावा. काही जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनवर गावातल्या सगळ्यांना एकाच वेळी निरोप जातो. आपल्या गावात ती असेल तर त्यात घरातले सगळे क्रमांक नोंदवलेले आहेत की नाहीत, हे पोलीस पाटलांना विचारून ठेवा. गाडी लोखंडाची आहे, पुन्हा घेता येईल. घरचा माणूस पुन्हा मिळत नाही. बायाबापड्यांनी ही गोष्ट घरातल्या तापट माणसाला दिवसाउजेडीच बजावून ठेवावी.

विम्यातली गोम

बाजारातल्या त्या शेतकऱ्याकडे पुन्हा वळू. त्याला धीर होता की गाडीचा पाच वर्षांचा विमा आहे. कागद काढून पाहिला तेव्हा कळले की चोरीचा विमा पहिल्याच वर्षी संपला होता. ही गोम पुष्कळांना ठाऊक नसते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा सक्तीचा आहे, पण तो तिऱ्हाइताच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा. आपली गाडी चोरीला गेली तर त्यातून पैसा मिळत नाही. चोरीची भरपाई ज्यातून मिळते तो स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा एका वर्षाचा असतो आणि दर वर्षी वाढवावा लागतो. आजच संध्याकाळी ट्रंकेतला कागद काढा आणि दोन्ही भागांच्या तारखा मुलांकडून वाचून घ्या.

विमा चालू असला तरी नव्या गाडीची किंमत मिळत नाही. गाडी सहा महिन्यांहून जुनी पण वर्षाच्या आत असेल तर १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्या वर्षात ३० टक्के, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घट धरतात. कर्ज बाकी असेल तर पहिला हक्क बँकेचा. भरपाईसाठी कंपनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते. किल्ली गाडीलाच ठेवली होती असे दिसले तर निष्काळजीपणा म्हणून वाद होतो.

तरीही गाडी गेलीच तर

"दोन दिवस शोधू, मग बघू" असे म्हणत बसू नका. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते आणि फिर्यादीची प्रत तुम्हाला फुकट द्यायची असते. ती मागून घ्या. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा, नंतर आर.टी.ओ.ला आणि कर्ज असेल तर बँकेलाही लेखी कळवा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

२०२० साली सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रॅक्टर मालकाच्या दाव्यात सांगितले की, पोलिसांकडे फिर्याद ताबडतोब दिलेली असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवले म्हणून खऱ्या चोरीचा दावा नाकारता येणार नाही. म्हणजे पहिल्या दिवसाची फिर्याद हाच दाव्याचा पाया. तपास लागला नाही तर पोलिसांचा तसा अंतिम अहवाल मिळतो. त्याला आपल्याकडे 'अ समरी' म्हणतात. विमा कंपनी तोही मागते.

यासाठी लागणारी माहिती आजच एका वहीत लिहून ठेवा. गाडीचा क्रमांक, इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, विम्याचा क्रमांक आणि गाडीवरच्या ओळखीच्या खुणा. चेसिसवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की क्रमांकाचा छाप उठतो. तो छाप वहीत चिकटवा.

आणि एक शेवटचे, जरा कडू वाटेल असे. चोरीची गाडी शेवटी कोणी तरी विकत घेतोच. "कागद नंतर देतो, तुला स्वस्तात पडते" असे म्हणणाऱ्याकडून रानात फिरवायला म्हणून गाडी घेणारे आपल्यातच असतात. चोरीचा माल आहे हे समजून घेणे हाही गुन्हा आहे. आणि ती गाडी दुसऱ्या कोणाच्या तरी दुधाच्या किटल्यांची असते. आर.सी. बुकावरचा चेसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिल्याशिवाय जुनी गाडी घेऊ नका.

मंडळी, कुलूप आणा, जरूर आणा. पण बैलाची घंटा कधीच बैल राखत नव्हती. बैल राखत होता तो बाजेवरचा म्हातारा, घंटा फक्त त्याला हाक मारीत होती. आज अंगणात नवे कुलूप लावाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना त्याची हाक ऐकवा आणि ती ऐकल्यावर कोणी काय करायचे तेही जेवताना ठरवून टाका. दिवे कोण लावणार, फोन कोण करणार, शेजारच्या काकांना हाक कोण देणार, एवढे ठरले की ते कुलूप खरे लागले.